भुवयांचे वैद्यकीय गोंदण

आजार, औषधोपचार किंवा इजा यांमुळे विरळ झालेल्या अथवा पूर्णपणे गेलेल्या भुवयांच्या जागी त्वचेत रंगद्रव्य भरून भुवयांचा आभास निर्माण करण्याच्या प्रक्रियेस भुवयांचे वैद्यकीय गोंदण म्हणतात. तिला मायक्रोपिगमेंटेशन असेही नाव आहे. या प्रक्रियेने केस उगवत नाहीत व केस जाण्याच्या मूळ कारणावर उपचारही होत नाही. म्हणून गोंदण्यापूर्वी त्या कारणाचे निदान होणे महत्त्वाचे असते.

पार्श्वभूमी

गोंदणाचा वैद्यकीय वापर जुना आहे. १८६९ मध्ये नेत्रतज्ज्ञ लुई द वेकर यांनी डोळ्याच्या पारपटलावरील पांढरा डाग झाकण्यासाठी शाईचे गोंदण केले. पुढे भाजल्याचे व्रण झाकणे, स्तनाच्या पुनर्रचनेनंतर स्तनमंडल रेखाटणे अशा कामांसाठीही गोंदण वापरले जाऊ लागले.

भुवया जाण्याची कारणे

चाई या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा केसांच्या मुळांवरच हल्ला करते. कर्करोगावरील केमोथेरपीत गेलेल्या भुवया उपचार संपल्यावर बहुधा परत येतात. अवटू ग्रंथीचे कार्य मंदावल्यास भुवयांचा बाहेरील एक-तृतीयांश भाग विरळ होऊ शकतो. औषधाने त्यात सुधारणा होऊ शकते.

कुष्ठरोगाच्या लेप्रोमॅटस प्रकारातही भुवया जातात. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो, परंतु गेलेल्या भुवया सहसा परत येत नाहीत. त्यामुळे रोगमुक्त व्यक्तीच्या चेहऱ्यावरही रोगाची खूण राहते व तिला सामाजिक अवहेलना सोसावी लागते. अशा व्यक्तीस गोंदणाचा उपयोग होऊ शकतो. याउलट, निदान न झालेल्या रुग्णाने भुवया गोंदून घेतल्यास रोगाचे एक दर्शनी लक्षण झाकले जाऊन उपचारास विलंब होण्याची शक्यता असते.

पद्धती

प्रथम भुवयांचा आकार पेन्सिलीने आखून रुग्णाची संमती घेतली जाते व त्वचा बधिर करणारे मलम लावले जाते. नंतर यंत्राच्या सुईने ठिपके किंवा बारीक सुयांच्या हातपात्याने केसांसारख्या रेघा काढतात. दुसऱ्या पद्धतीस मायक्रोब्लेडिंग म्हणतात.

रंग अंतस्त्वचेच्या वरच्या भागात बसावा लागतो. बाह्यत्वचा सतत झडून नवी होत असल्याने तेथील रंग टिकत नाही. फार खोल गेलेला रंग पसरतो व निळसर-करडा दिसतो. काही आठवड्यांनी रंग पुन्हा भरून उणिवा दूर करतात. कालांतराने रंग फिका पडतो.

धोके आणि दक्षता

निर्जंतुक नसलेल्या सुयांमुळे जिवाणूसंसर्ग, ब व क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांचा प्रसार होऊ शकतो. रंगद्रव्याची ॲलर्जी व गाठी हेही संभाव्य दुष्परिणाम आहेत. कोड किंवा सोरायसिस असलेल्यांमध्ये सुईच्या इजेच्या जागी तोच विकार उद्भवू शकतो. केमोथेरपी सुरू असताना संसर्गाचा धोका वाढलेला असल्याने गोंदणाची वेळ कर्करोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ठरवावी लागते.

लेझरने गोंदण काढताना आयर्न ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड असलेले रंग उलट काळे पडू शकतात. एमआरआय तपासणीत गोंदलेल्या जागी क्वचित जळजळ होते. त्यासाठी तपासणी टाळण्याची गरज नसते, मात्र तंत्रज्ञास पूर्वकल्पना द्यावी लागते.

नियमन

युरोपीय संघात गोंदणाच्या व अशा स्थायी सौंदर्यप्रसाधनाच्या शाईतील अनेक घातक रसायनांवर जानेवारी २०२२ पासून निर्बंध लागू आहेत.