संगणक दुरुस्तीची मोफत साधने

संगणक बिघडला की तो थेट ‘फॉरमॅट’ करण्याकडे अनेक तंत्रज्ञांचा कल असतो. मात्र त्यात ग्राहकाची वर्षानुवर्षांची कागदपत्रे व छायाचित्रे कायमची नष्ट होऊ शकतात. आधी माहिती वाचवावी, मग बिघाड शोधावा. त्यासाठी इंटरनेटवर मोफत मिळणारी काही साधने पुढीलप्रमाणे :

क्रिस्टलडिस्कइन्फो : हार्डडिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवत असते. त्या हे सॉफ्टवेअर दाखवते. धोक्याची सूचना दिसताच सर्वप्रथम माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

टेस्टडिस्क व फोटोरेक : नाहीसे झालेले पार्टिशन टेस्टडिस्क शोधून देते, तर पुसलेल्या फाइल्स फोटोरेक परत मिळवते. परत मिळालेल्या फाइल्स त्याच डिस्कवर साठवू नयेत. उरलेली माहिती त्याखाली पुसली जाते.

सिसइंटर्नल्स : मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६मध्ये सुरू केलेला हा उपक्रम २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. विंडोज सुरू होताना आपोआप चालणारे प्रोग्रॅम यातील ‘ऑटोरन्स’ दाखवते. संगणक मंदावण्याचे कारण अनेकदा तेथेच सापडते.

व्हायरसटोटल : संशयास्पद फाइल येथे ७०हून अधिक अँटिव्हायरसकडून तपासता येते. मात्र ती फाइल इतर सुरक्षा संस्थांनाही उपलब्ध होते. त्यामुळे ग्राहकाची खासगी कागदपत्रे येथे चढवू नयेत.

ही सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत. अन्यत्र मिळणाऱ्या प्रतींतून व्हायरस येण्याचा धोका असतो.