ऑपरेशन पेडेस्टल : माल्टाला तारणारा जहाजांचा ताफा

ऑपरेशन पेडेस्टल ही दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४२ मध्ये, वेढ्यात सापडलेल्या माल्टा बेटाला रसद पोहोचविण्यासाठी ब्रिटनने राबविलेली नौदल मोहीम होय.

पार्श्वभूमी : भूमध्य समुद्रात सिसिलीच्या दक्षिणेस असलेले माल्टा हे ब्रिटिशांचे ठाणे होते. तेथील विमाने व पाणबुड्या उत्तर आफ्रिकेतील जर्मन-इटालियन सैन्याची पुरवठा जहाजे बुडवीत. त्यामुळे बेटावर सतत बॉम्बवर्षाव होत होता. जूनमध्ये पाठविलेल्या दोन ताफ्यांतील केवळ दोन मालवाहू जहाजे पोहोचली आणि अन्न व इंधनाचा साठा संपत आला.

घटनाक्रम : १० ऑगस्टच्या पहाटेपूर्वी १४ व्यापारी जहाजांनी जिब्राल्टर ओलांडले. त्यांपैकी ‘ओहायो’ हे एकमेव तेलवाहू जहाज होते. ११ ऑगस्टला जर्मन पाणबुडी यू-७३ च्या पाणतीरांनी विमानवाहू नौका ‘ईगल’ काही मिनिटांत बुडाली. १२ ऑगस्टच्या सायंकाळी बॉम्बहल्ल्यात ‘इंडोमिटेबल’च्या धावपट्टीची हानी झाली. सिसिलीजवळील अरुंद समुद्रात प्रवेश करण्यापूर्वी मोठ्या युद्धनौका ठरल्याप्रमाणे परतल्या. त्यानंतर इटालियन पाणबुडी ‘अक्सुम’ने ‘नायजेरिया’ व ‘कैरो’ या क्रूझर आणि ‘ओहायो’ यांच्यावर एकाच हल्ल्यात पाणतीर डागले. लढाऊ विमानांना मार्गदर्शन करणारी यंत्रणा उरलेल्या ताफ्यात याच दोन क्रूझरवर होती. ती गेल्याने माल्टाहून आलेल्या विमानांना दिशा देणारे कोणी उरले नाही. रात्री टॉर्पेडो बोटींच्या हल्ल्यात ‘मँचेस्टर’ ही क्रूझर आणि काही मालवाहू जहाजेही गमवावी लागली.

परिणाम : नऊ व्यापारी जहाजे, एक विमानवाहू नौका, दोन क्रूझर व एक विनाशिका नष्ट झाली. पाच जहाजे माल्टाला पोहोचली. इंजिन बंद पडलेल्या ‘ओहायो’ला दोन विनाशिकांनी दोन्ही बाजूंनी आधार देत १५ ऑगस्टला बंदरात आणले. कप्तान डडली मेसन यांना जॉर्ज क्रॉस देण्यात आला.

जहाजांच्या हिशेबात ही लढाई जर्मनी-इटलीने जिंकली. परंतु माल्टा शरण गेले नाही. एल अलामेनच्या लढाईपूर्वी रोमेलच्या सैन्याची रसद तोडण्याचे काम तेथून सुरूच राहिले. १५ ऑगस्ट हा सांता मारियाच्या सणाचा दिवस असल्याने माल्टावासी या ताफ्याला ‘सांता मारियाचा ताफा’ म्हणून ओळखतात.