‘आलोच आहोत तर…’ : वरसईचे विष्णुभट आणि कामाचा प्रवास

आजचा एपिसोड जोह्यातून. पेण तालुक्यातलं हे गाव गणपतीच्या मूर्तींचं. जोहे-हमरापूरच्या कारखान्यांतल्या मूर्ती परदेशीही जातात. बोटीने जायचं, म्हणून सणाच्या कितीतरी महिने आधी निघतात. मूर्तींसारखी हल्ली आपली पोरंही जातात, कुणी मीटिंगला, कुणी ट्रेनिंगला. आणि मग तो प्रश्न येतोच : काम शुक्रवारी संपतंय, शनिवारी थांबून शहर बघू का? तिकीट कंपनीचं, दिवस माझा. पण घरचे काय म्हणतील?

मला वाटतं, या प्रश्नाचं सगळ्यात भारी उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. वरसई गावात.

वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक. घरावर कर्ज होतं. १८५७ साली बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत. म्हणजे भरपूर दक्षिणा. विष्णुभट आणि त्यांचे काका रामभट निघाले. आजच्या भाषेत सांगायचं तर ही शुद्ध बिझनेस ट्रिप! देश एकच असला, तरी कोकणातल्या माणसाला नर्मदेपलीकडचा मुलूख तेव्हा परदेशच. भाषा वेगळी, जेवण वेगळं, वाट पायाखालची नाही.

महूजवळ पोचले, तर शिपायांनी सांगितलं की बंड होणार आहे. मथुरेचा बेत मागे पडला. ग्वाल्हेर करून दोघं झाशीला गेले, राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं, कत्तल झाली, लूट झाली. हे दोघंही लुटले गेले.

आता विचार करा. कमाई गेली, जीव तेवढा वाचला. कुणीही म्हणालं असतं, बास झालं, घर गाठा. पण विष्णुभट चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या करत काशीला गेले. ‘आलोच आहोत तर’ हे आपलं मराठी माणसाचं ठेवणीतलं वाक्य! तिथून गंगाजलाची कावड घेऊन दोन वर्षांहून अधिक काळाने ते वरसईला परतले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं.

मजा बघा, निव्वळ मौजेसाठी फिरणं त्या काळी भिक्षुकाला परवडणारं नव्हतं आणि शोभणारंही नव्हतं. त्याला कारण लागायचं, ते तीर्थयात्रेनं दिलं. आपण आज ‘नेटवर्किंग’ म्हणतो, ते म्हणायचे पुण्य. पण डोळे तर दोघांचेही उघडेच असतात.

अर्थात याची किंमत होती. फोन नाही, मुलूख पेटलेला. पोरगं जिवंत आहे की नाही, या चिंतेत घरच्यांनी ते दिवस काढले असणार. म्हणून ‘घरचे काय म्हणतील’ हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. आधी घरी नीट सांगा, ऑफिसला विचारा, व्हिसाची तारीख बघा, त्या दिवसाचा खर्च स्वतःच्या खिशातून करा. मग मात्र मनात अपराधी भावना ठेवू नका.

कारण विष्णुभटांनी कमावलेल्या दक्षिणेचं आज काहीच उरलेलं नाही. उरलं ते त्यांनी पाहिलेलं. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. ते गेल्यावर, १९०७ साली, वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं. झाशीचा वेढा आतून पाहिलेल्या मराठी माणसाची हकिगत आपल्याला मिळाली, ती दक्षिणेसाठी निघालेल्या एका कर्जबाजारी भिक्षुकामुळे.

तेव्हा शनिवारी थांबलात, तर चार फोटोंबरोबर चार ओळीही लिहा. काय खाल्लं, कोण भेटलं, कशाची भीती वाटली. पगाराची स्लिप नातवंडं वाचणार नाहीत, हे वाचतील.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, फिरत राहा!