रोमिओ-ज्युलिएटचे पुनर्जीवन

इ. स. १८८९ मध्ये कानडी भाषेत ‘रामवर्म-लीलावती’ नावाचे एक नाटक अवतरले. आनंदराव ह्यांनी केलेले शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे ते रूपांतर होय. मूळ नाटकातील प्रेमी युगुल थडग्याच्या तळघरात प्राण सोडते. कानडी रूपांतरात मात्र साक्षात् विष्णू प्रकट होतो आणि दोघांना पुन्हा जिवंत करतो! आजच्या वाचकास हे ऐकून हसू येईल. परंतु त्याच कथेवर मुलांसाठी काढलेल्या, २०११ सालच्या ‘नोमिओ अँड ज्युलिएट’ ह्या सचेतनपटातही दोघे मेली असे सर्वांना वाटत असताना ती ढिगाऱ्यातून धडधाकट बाहेर येतात. विष्णूचे काम पटकथाकाराने केले, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडच्या नाटककारांपुढे अडचण होती हे खरे. मराठीत नारायण बापूजी कानिटकरांनी १८८२ साली ‘शशिकला आणि रत्नपाल’ ह्या नावाने हेच नाटक आणले, तेव्हा त्यामागे शोकान्ताची रूढ परंपरा नव्हती. संस्कृत रंगभूमीने, भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखा अपवाद वगळता, नायकाचा मृत्यू रंगमंचावर येऊ दिला नाही. वाल्मीकीची सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त तिचे रामाशी पुनर्मीलन घडवून आणले. पण प्रेक्षकाला मूळ शेवट पाठ होता, आणि भवभूतीलाही हे ठाऊक होते. सातव्या अंकात तो नाटकातच दुसरे नाटक मांडतो, त्यातील सीतेचे दुःख पाहून राम मूर्च्छित होतो, आणि मगच सुखाचा क्षण येतो. म्हणजे दुःख लपविले गेले नाही. ते दाखवून मग ओलांडले गेले.

गोड शेवटाची ओढ ही केवळ आपलीच दुर्बलता, असे मात्र कोणी समजू नये. खुद्द लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स हॉवर्ड ह्याने रोमिओ व ज्युलिएट ह्यांना जिवंत ठेवणारी आवृत्ती केली होती, आणि एके दिवशी शोकान्त तर दुसऱ्या दिवशी सुखान्त असे प्रयोग आलटूनपालटून होत. नेहम टेटने १६८१ साली ‘किंग लियर’मधील कॉर्डेलियाला वाचवून तिचे एडगरशी लग्न लावून दिले, आणि मॅक्रेडीने १८३८ साली मूळ नाटक रंगभूमीवर परत आणीपर्यंत इंग्लंडचा प्रेक्षक प्रायः टेटचाच लियर पाहत राहिला. डॉ. जॉन्सनसारखा करारी पंडित! पण कॉर्डेलियाच्या मृत्यूने तो इतका व्यथित झाला की, संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत त्याला ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवेनात.

हे सारे प्रेक्षक प्रौढ होते. मुलांसाठी म्हणून १८०७ साली चार्ल्स व मेरी लँब ह्या भावंडांनी शेक्सपियरच्या कथा लिहिल्या, तेव्हा शोकान्त नाटके चार्ल्सने आपल्याकडे घेतली आणि रोमिओला व ज्युलिएटला मूळ नाटकाप्रमाणेच मरू दिले. मुलांना मरण सोसणार नाही ही समजूत बरीचशी मोठ्यांनी स्वतःवरून बांधलेली दिसते.

चित्रपटाने लँबची वाट सोडली. फिल निबेलिंक ह्यांनी २००६ साली ही कथा सील प्राण्यांच्या दोन कळपांत नेली. साडेचार वर्षे खपून त्यांनी तो सचेतनपट जवळजवळ एकट्याने चितारला. परिश्रम थोर, पण त्यांनी कथेचा कणाच मवाळ करून टाकला. केली ऍस्बरी ह्यांचा ‘नोमिओ’ अधिक चतुर आहे. स्ट्रॅटफर्ड गावातील दोन शेजारी बागा, एकीत निळ्या तर दुसरीत लाल टोपीचे मातीचे बुटके, आणि त्यांचे पिढीजात वैर. टिबल्ट भिंतीवर आपटून फुटतो; अखेरच्या नाचात तो तुकडे सांधलेला दिसतो. एक प्लॅस्टिकचा रोहित पक्षी आपली कहाणी सांगतो: घरातील जोडपे विभक्त झाले आणि त्याची सखी दुरावली. आजच्या पुष्कळ मुलांना विषाच्या कुपीपेक्षा हे दुःख अधिक जवळचे वाटेल.

ह्या चित्रपटात उद्यानातला शेक्सपियरचा पुतळा नोमिओला मूळ कथेचा शेवट सांगतो. नोमिओ तो नाकारतो. पुतळ्याला मात्र स्वतःचा शेवटच पसंत असतो. भवभूतीची युक्ती ती हीच. दोन्ही घराण्यांचे वैरही दोघे मेली ह्या समजुतीच्या शोकातच निवते. मृत्यूचे काम मृत्यूच्या भासाने होते. भास खरा वाटेल इतका वेळ दिग्दर्शकाने तो टिकविला असता तर बरे झाले असते.

बंगळूरच्या मारतहळ्ळीसारख्या उपनगरात वाढणाऱ्या मराठी मुलाची ह्या कथेशी पहिली भेट आज बहुधा अशा चित्रपटातूनच होते. आनंदरावांचे नाटक त्याच प्रांताच्या भाषेत होऊन गेले, हे त्याच्या कानावर येण्याचा संभव कमी. त्याचे आईवडील नागराज मंजुळे ह्यांचा ‘सैराट’ ओळखतात. २०१६ सालच्या त्या चित्रपटात विष्णू येत नाही. आर्ची व परश्या मारली जातात, आणि त्यांचे तान्हे मूल रक्ताने माखलेली पावले उमटवीत घराबाहेर पडते. दुसऱ्याच वर्षी ‘मनसु मल्लिगे’ ह्या नावाने ही कथा कानडीत गेली, आणि नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच होती.