चार डिस्क आणि आईच्या कॅसेट्स

आमच्या सॅन होजेच्या घरात जिन्याखालच्या कपाटात एक काळा खोका गेली कित्येक वर्षं घुर्रघुर्र करत बसलेला आहे. इकडे त्याला होम सर्व्हर म्हणतात. म्हणजे काय, तर एक जुनाच कॉम्प्युटर, ना स्क्रीन ना कीबोर्ड, आणि पोटात चार हार्ड डिस्क. घरातले फोटो, कागदपत्रं, मुलांनी लहानपणी काढलेली चित्रं, सगळं त्यात जातं. आणि त्यातच आहेत माझ्या आईच्या चौदा कॅसेट्स.

मी १९९६ साली इकडे आलो. तेव्हा भारतात फोन करायचा म्हणजे घड्याळाकडे बघत बोलायचं, इतका तो महाग. आई चिपळूणहून कॅसेट भरून पाठवायची. एका बाजूला गावातल्या बातम्या, दुसऱ्या बाजूला पाककृती, मधेच कोंबडा आरवतोय, मधेच "अरे, दूध उतू गेलं!" २००८मधे मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि मूळ कॅसेट्स दादाकडे चिपळूणला ठेवून आलो. आई २०१५मधे गेली. २२ जुलै २०२१ला चिपळुणात जो पूर आला, त्यात खालच्या खोलीतली ट्रंक पाण्यात गेली. कॅसेट्सचा लगदा झाला. म्हणजे त्यानंतर आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता: माझ्या जिन्याखाली.

२०२३च्या नोव्हेंबरात एका शनिवारी पहाटे तो खोका बीप बीप ओरडायला लागला. चारांपैकी तिसरी डिस्क गायब. अशा वेळी थेट नवी डिस्क आणायला पळायचं नसतं. आधी केबल बदलून बघितली, मग दुसऱ्या खाचेत घालून बघितली, मग कान लावला. टक, टक, टक. आतलं हेड जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. डिस्क गेली. मी मात्र निर्धास्त होतो, कारण चारांतली एक डिस्क गेली तरी काही बिघडू नये अशीच रचना होती. नवी डिस्क बसवली, पुनर्बांधणी सुरू केली आणि चहा ठेवला.

ही "एक गेली तरी चालेल" कल्पना आली कुठून, त्याची गोष्ट मजेदार आहे. तिची सुरुवात आमच्याच गावात होते.

सॅन होजेच्या मध्यवस्तीत, ९९ नोत्र दाम अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर, १९५२मधे आयबीएमने एक छोटी प्रयोगशाळा उघडली. प्रमुख होते रेनॉल्ड जॉन्सन, मूळचे हायस्कूलमधे विज्ञान शिकवणारे मास्तर. तोपर्यंत कॉम्प्युटरची माहिती पंचकार्डांच्या गठ्ठ्यांत नाहीतर टेपवर असायची. मधली एखादी नोंद हवी असेल तर आधीचं सगळं ओलांडून जायला लागायचं. जॉन्सन यांच्या मंडळींनी चुंबकीय लेप दिलेल्या, २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर ओवल्या आणि मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरवल्या. वाचणारं हेड तबकडीला टेकू नये म्हणून मधे दाबाखालची हवा सोडली. सप्टेंबर १९५६मधे हे यंत्र रॅमॅक या नावाने जाहीर झालं. वजन एक टनाच्या वर, भाडं महिन्याला ३२०० डॉलर, आणि मावायची किती अक्षरं? ५० लाख! आजच्या फोनमधले एक-दोन फोटो, बस.

शेजारच्या माउंटन व्ह्यू गावात कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे. तिथे या रॅमॅकची डिस्क स्वयंसेवकांनी खटपट करून पुन्हा चालती केली आहे. पाहुण्यांना घेऊन मी तिथे हमखास जातो. ते अजस्र धूड फिरायला लागलं की छान वाटतं.

पण डिस्क जन्माला आली तेव्हापासूनच तिचं मरणही ठरलेलं होतं. एकीकडे वेगाने फिरणारी तबकडी आणि दुसरीकडे तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगणारं हेड. धुळीचा एक कण आला की हेड आपटलं आणि लेप खरवडला. यावर १९७३मधे आयबीएमनेच "विंचेस्टर" डिस्क काढली. त्यात तबकड्या आणि हेडं एकाच बंद डबीत ठेवली, हेडं हलकी केली आणि तबकडीवर वंगणाचा पातळ थर दिला, म्हणजे हेड टेकलं तरी चालेल. आजच्या सगळ्या हार्ड डिस्क त्याच वंशातल्या. १९८०मधे सव्वापाच इंची डिस्क आली, तिच्यात ५ मेगाबाइट मावायचे. रॅमॅकची कपाटभर माहिती विटेएवढ्या डबीत!

आता बर्कलीला जाऊ, सॅन होजेहून गाडीने तासाभरावर. १९८७च्या शेवटी तिथल्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला, तो १९८८मधे परिषदेत मांडला गेला. त्यांचं म्हणणं असं: मोठ्या कॉम्प्युटरची एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा पीसीच्या स्वस्त डिस्क पुष्कळ घ्या आणि एकदम कामाला लावा. वेग वाढेल, खर्च वाचेल. पण गणितात एक मेख होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. तशा १०० डिस्क एकत्र लावल्या तर त्यातली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांतच जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत!

यावर त्यांचा उपाय म्हणजे रेड. डिस्क मरणार हे गृहीतच धरा आणि थोडी माहिती जास्तीची लिहून ठेवा. समजा तीन डिस्कवर ४, ७ आणि ९ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज लिहा, २०. उद्या ७ वाली डिस्क गेली तर २० मधून ४ आणि ९ वजा करा, ७ परत! (प्रत्यक्षात बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशोब असतो, आणि तो हिशोब चारही डिस्कवर वाटून लिहितात, पण तत्त्व हेच.) कल्पना अगदीच नवी नव्हती. दोन डिस्कवर तेच ते लिहायची पद्धत आधीपासून होती आणि गेलेली माहिती अशी परत मिळवण्याचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना १९७८मधेच मिळालं होतं. पण या तिघांनी सगळ्या प्रकारांना नाव दिलं, क्रमांक दिले, गणित मांडलं. मग रेड जगभर पसरलं आणि शेवटी माझ्या जिन्याखालीही आलं.

तर, चहा झाला, जेवण झालं. रात्री बघतो तर पुनर्बांधणी ६१ टक्क्यांवर थांबलेली. दुसऱ्या डिस्कवरचे काही भाग वाचता येत नव्हते. ४, ७, ९ मधला ७ गेलाय, आणि आता ४ सुद्धा नीट दिसेना. २० मधून काय वजा करणार? मी तिथेच जमिनीवर बसलो. बायकोने विचारलं, "काय गेलं?" मला "आईच्या कॅसेट्स" असं म्हणता येईना.

माझी चूक कुठे झाली, तेही इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. १९८८च्या गणितात एक गृहीत होतं की प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे मरते, एकीच्या मरणाचा दुसरीशी संबंध नाही. फेब्रुवारी २००७मधे सॅन होजेलाच एक परिषद भरली. तिथे बियांका श्रोडर आणि तेच गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासून निबंध वाचला. कंपन्यांच्या कागदावर १० लाख तासांचं आयुष्य, म्हणजे वर्षाला शंभरात एकही डिस्क जायला नको. प्रत्यक्षात शंभरात दोन ते चार बदलायला लागत होत्या. आणि मुख्य म्हणजे बिघाड स्वतंत्र नव्हते. एक गेली की लवकरच दुसरी जाण्याची शक्यता वाढत होती. आपल्याच जुन्या गृहीताला गिब्सन यांनी १९ वर्षांनी असा धक्का दिला. त्याच परिषदेत गूगलच्या इंजिनिअरांनीही लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

माझ्या चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या होत्या. एकाच कपाटात, एकाच उकाड्यात, तितकेच तास फिरलेल्या. तिसरी दमली तर दुसरी ताजी कशी असेल? वर पुनर्बांधणी म्हणजे त्या दमलेल्या डिस्कला पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाचायला लावणं!

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. पुनर्बांधणी बंद, खोका बंद. दुसरी डिस्क बाहेर काढून डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने तिची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. हा प्रोग्रॅम हुशार आहे. आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, अडेल तिथे पुढे जातो आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. टेबलफॅन लावून डिस्कजवळ ठेवला. तीन दिवस लागले. मग पहिली, चौथी आणि दुसरीची नक्कल अशा तिघींना जबरदस्तीने एकत्र उभं केलं आणि, आधी इतर कुठलंही काम न करता, सगळ्या फाइल्स बाहेर उतरवून घेतल्या.

तेरा कॅसेट्स पूर्ण मिळाल्या. नवव्या कॅसेटमधली चार मिनिटं गेली. त्यात आई फणसाच्या सांदणांची कृती सांगत होती, आणि ती नेमकी रवा भिजवण्यापाशी तुटते. पुढचं वहिनीला विचारून घेतलं.

आता नवा सर्व्हर आहे. डिस्क दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्याची एक प्रत पुण्याला बहिणीकडे असते आणि दर भारतभेटीत ती बदलतो. रेडमुळे डिस्क मेली तरी खोका चालू राहतो, इतकंच. चोरी, आग, पूर, आपलाच चुकून दाबलेला डिलीट, यातून रेड वाचवत नाही. त्यासाठी दुसरी प्रत दुसऱ्या गावातच हवी.

तुमच्याकडेही कुणाचा तरी आवाज, कुणाचे तरी फोटो एकाच फोनमधे किंवा एकाच पेन ड्राइव्हवर असतील. या रविवारी त्याची एक प्रत काढा आणि दुसऱ्या गावातल्या कुणाकडे तरी देऊन ठेवा. आणि सहा महिन्यांनी ती उघडते का, ते एकदा बघा.