तलावाची खतावणी

देशाजवळ पाणी किती आहे, वर्षभरात त्यात भर किती पडली, खर्च किती झाला आणि ते ज्या साठवणीत राहते तिची झीज किती झाली, हे लिहून ठेवण्याला नैसर्गिक भांडवलाचा लेखा म्हणतात. पाण्याच्या अशा लेख्याची चौकट संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००७ मध्ये स्वीकारली. भारताच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१८ पासून पर्यावरणाचे लेखे छापायला घेतले. पूर्व विदर्भात मात्र पाण्याची नोंद त्याआधी दीडशे वर्षे तरी होत होती. ती रुपयांत नव्हती, घनमीटरांतही नव्हती, हक्कांत होती.

गोंदिया तालुक्यातील बिरसी याच मुलखातले गाव.  शेजारचे कामठा हे जुन्या जमीनदारीचे ठिकाण. भोवतालचा सारा प्रदेश धानाचा. पाऊस वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कमी नव्हे. अडचण त्याच्या वेळेची. सप्टेंबर सरता सरता तो निघून जातो आणि धान तर त्याच सुमारास निसवत असते. तेव्हा एखाददुसरे पाणी मिळाले नाही तर लोंबी पोचट राहते. ते शेवटचे पाणी देण्यासाठी उताराला पाळ घालून तलाव बांधले गेले. गावाच्या वापराचा मोठा तो तलाव, शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताजवळची लहान ती बोडी. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन इनाम मिळावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा रिवाज होता, आणि त्यातून हे काम वाढले.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावाची मालकी मिळाली, त्याबरोबर तलावांचीही. हेच पुढे ‘माजी मालगुजारी’, बोलीत ‘मामा’ तलाव झाले. गावावर सारा किती बसवायचा हे ठरवताना जमिनीचा कस पाहावा लागे. १८८० च्या दशकात जे. बी. फुलर यांनी त्यासाठी मृदा-एककांची पद्धत आणली. मातीच्या प्रत्येक जातीला तुलनेने एक आकडा द्यायचा आणि एकरांनी गुणून गावाची एकूण एकके काढायची. बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, उतारावर आहे की सखलात, तिला तलावाचे पाणी मिळते की नाही, यावर हा आकडा वरखाली होई. तलाव या हिशेबात स्वतंत्र रकमेने कधी आलाच नाही. पाण्याची किंमत मातीच्या आकड्यात मुरलेली असे.

दुसरा कागद जास्त बोलका. ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तात गावचे रिवाज उतरवलेले असत: तलावाचे पाणी कोणत्या जमिनीला, पाट कुणाच्या बांधीतून, गुरे कुठे पाजायची, मासे कोणी धरायचे. अनेक गावांत पाण्याला वेगळी पट्टी नव्हती. डागडुजी मालगुजाराकडे, पाळीवरचे श्रम रयतेचे, आणि पाणी बांधीबांधीला फिरवण्याचे काम पानकराकडे. त्याला मोबदला धान्यात. आजच्या भाषेत ही प्रवाहाची नोंद झाली. भांडवलाची नव्हती, कारण गाळाला या कागदात रकाना नव्हता. तो दरवर्षी साचे आणि तलावाची धारणा घटत जाई. शेतकरी उन्हाळ्यात गाळ उपसून बांधीत टाकत. मग तलावाच्या वहीतला तोटा शेताच्या वहीत जमेला येई. दोन्ही वह्या एकत्र मांडणारा कारकून मात्र कधी झाला नाही.

मध्य प्रदेश विधिमंडळाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ३१ मार्च १९५१ रोजी गावांची मालकी आणि तिच्यासोबत तलाव सरकारजमा झाले. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, नंतर महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. आजची हद्द शंभर हेक्टर सिंचनाची. तलावाची ओळख आता ‘सिंचन क्षमता, हेक्टर’ एवढीच उरली. खात्याने पाणीपट्टी मागितली तेव्हा शेतकऱ्यांनी जुना निस्तार हक्क, म्हणजे गावची सामाईक साधने वापरण्याचा हक्क, पुढे केला. मोफत पाणी रिवाजात नोंदलेले होते, असे त्यांचे म्हणणे. त्यांची बाजू निराधार नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ मध्ये, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची कलमे खास विदर्भासाठी ठेवावी लागली. भांडण पट्टीचे दिसत असले तरी एकाच पाण्याचे दोन लेखे समोरासमोर आले होते. त्या ओढाताणीत पाळ कोणी दुरुस्त करायची हा प्रश्न बेवारस राहिला, आणि गाळ साचतच गेला.

हेक्टरांच्या हिशेबात न बसणारेही पुष्कळ होते. ढिवरांची मासेमारी, शिंगाडा, कमळकंद, काठच्या विहिरींना मिळणारा पाझर, पाणपक्षी. ढिवरांच्या सहकारी संस्थांना मासेमारीचे ठेके मिळू लागल्यावर मासळी तेवढी हिशेबात आली, पण ती मुख्यतः बाहेरून आणून सोडलेल्या बीजाची. देशी माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती कोणी मोजल्या नाहीत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या माहितीवरून त्यांच्या नोंदी केल्या, बेशरम या तणाची झुडपे काढून वनस्पती पुन्हा लावल्या.

२०१७ मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली आणि गाळाचा जुना व्यवहार सरकारी कागदावर आला. केंद्राच्या पहिल्या जलाशयगणनेचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशातील २४ लाख २४ हजार ५४० जलाशयांची नोंद आहे. साठवणक्षमता, वापर, मालकी, अतिक्रमण असे रकाने त्यात आहेत. कोणत्या बांधीला कोणत्या तलावाचे पाणी, हे पाहायचे तर अजून वाजिब-उल-अर्जच काढावा लागतो.