मोजणारा हात आणि मोजले जाणारे डोके

मराठी वाचकाला मानवशास्त्राची ओळख होते ती बहुधा इरावती कर्वे यांच्या लेखनातून, म्हणजेच पिकलेल्या फळाच्या रूपात. एखादे शास्त्र विशीतल्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडते तेव्हा तो त्या शास्त्राचे काय करतो आणि ते शास्त्र त्याचे काय करते, हा प्रश्न मात्र विद्याशाखांच्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. हे इतिहास प्राध्यापकांचे, ग्रंथांचे आणि सिद्धांतांचे असतात. पदवीच्या वर्गातली बाके त्यांत रिकामीच दिसतात. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका वर्गाचा विचार करणार आहोत. तो वर्ग न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातला, १९२० च्या दशकातला. शिक्षकाचे नाव फ्रान्झ बोआस.

बोआस १८५८ साली जर्मनीतील मिन्डेन येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. १८८१ मध्ये कील विद्यापीठात त्यांनी पाण्याच्या रंगावर प्रबंध लिहून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. पुढे १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावरील इन्युइट लोकांमध्ये राहिल्यावर त्यांची दृष्टी समुद्रावरून माणसांकडे वळली. १८९६ पासून ते कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. त्या काळचे मानवशास्त्र मुख्यतः मोजमापाचे शास्त्र होते. कॅलिपरने डोक्याची लांबी-रुंदी घ्यायची, रुंदीचे लांबीशी शेकडा प्रमाण काढायचे आणि त्या 'शीर्षनिर्देशांका'वरून माणसाचा वंश ठरवायचा. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावण्याचा उद्योग केला, तो याच काळातला.

बोआस यांनी तेच हत्यार उलटे धरले. अमेरिकन सरकारच्या स्थलांतरितविषयक आयोगासाठी १९०८ ते १९१० या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील सुमारे अठरा हजार स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मापे घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार परदेशात जन्मलेल्या भावंडांपेक्षा वेगळा भरतो, असे त्यांना आढळले. जी खूण अचल मानून वंशांची वर्गवारी केली जात होती, ती एका पिढीत हलू शकते, हा त्याचा अर्थ. हा बदल नेमका किती, यावर २००२ आणि २००३ साली याच आकड्यांचे फेरविश्लेषण होऊन वाद झाला. बोआस यांनी विचारलेला प्रश्न मात्र त्यामुळे मोडीत निघाला नाही.

हे बोआस पदवीच्या विद्यार्थिनींपर्यंत पोहोचले त्यामागे राजकारणाचाही एक धागा आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरण्यास त्यांचा विरोध होता. १९१९ च्या डिसेंबरात 'द नेशन' या साप्ताहिकात पत्र लिहून त्यांनी, संशोधनाच्या बुरख्याआड हेरगिरी करणाऱ्या चार मानवशास्त्रज्ञांचा, नावे न घेता, निषेध केला. त्यांच्याच विषयाच्या संघटनेने त्याच महिन्यात उलट बोआस यांच्यावर ठपका ठेवला. तो मागे घेण्यासाठी २००५ साल उजाडावे लागले. कोलंबियातील त्यांचे वजन घटले आणि पदवीचे अध्यापन त्यांनी मुख्यतः बर्नार्डमध्ये केले. बर्नार्ड हे १८८९ साली स्थापन झालेले, कोलंबियाशी संलग्न असे स्त्रियांचे महाविद्यालय. खुद्द कोलंबिया कॉलेजचे दार मुलींना १९८३ पर्यंत बंद होते. अशा रीतीने मुख्य अंगणातून बाजूला सारले गेलेले शिक्षक आणि त्या अंगणात मुळातच प्रवेश नसलेल्या विद्यार्थिनी यांची गाठ पडली.

या वर्गातून निघालेले सर्वांत प्रसिद्ध नाव मार्गारेट मीड यांचे. पदवीच्या अखेरच्या वर्षी त्या बोआस यांच्या वर्गात बसल्या. रूथ बेनेडिक्ट तिथे साहाय्यक होत्या. मीडबाई १९२३ मध्ये पदवीधर झाल्या, १९२५ मध्ये सामोआ बेटांवर गेल्या आणि १९२८ साली त्यांचे पुस्तक जगभर गाजले. परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापेक्षा त्यांच्या मागून आलेल्या विद्यार्थिनीपाशी अधिक आहे. मीडबाई दूरच्या लोकांना पाहायला गेल्या. झोरा नील हर्स्टन यांना स्वतःच्या घरी परत जायचे होते.

हर्स्टन यांचे बालपण फ्लॉरिडातील ईटनव्हिल या गावी गेले. कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेले आणि स्वतः चालवलेले हे गाव. तिथल्या दुकानाच्या ओसरीवर बसून मोठी माणसे थापांच्या, प्राण्यांच्या आणि देव-सैतानाच्या गोष्टी रंगवून सांगत. त्या ऐकतच झोरा वाढल्या. १९२५ मध्ये त्या बर्नार्डमध्ये आल्या तेव्हा तिथल्या त्या एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होत्या. वय चौतीस असूनही त्या ते दहा वर्षांनी कमी सांगत. ग्लॅडिस रायकार्ड यांच्या वर्गासाठी त्यांनी लिहिलेला एक निबंध बोआस यांच्या नजरेस पडला आणि त्या मानवशास्त्राकडे ओढल्या गेल्या.

लवकरच हर्स्टनबाई हातात कॅलिपर घेऊन हार्लेमच्या रस्त्यांवर उभ्या राहिल्या. मेल्व्हिल हर्सकोविट्स यांच्या संशोधनासाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून त्या त्यांची डोकी मोजत. अनोळखी माणसाच्या डोक्याला असे यंत्र लावूनही कुणी चिडत नसे, याचे त्यांच्या मित्रमंडळींना मोठे नवल वाटे. आम्हांला हे दृश्य या विद्याशाखेच्या इतिहासातील एक निर्णायक क्षण वाटते. ज्यांची डोकी मोजून त्यांना खालच्या पायरीवर बसवले गेले होते, त्यांच्यातलीच एक स्त्री आता मापे घेत होती, तीही त्या पायऱ्याच खोट्या ठरवू पाहणाऱ्या शिक्षकाच्या हाताखाली.

पण मोजमापाची साधने हाती आली म्हणजे सारे साधले, असे नाही. १९२७ च्या फेब्रुवारीत लोककथा गोळा करण्यासाठी हर्स्टनबाई फ्लॉरिडाला परतल्या. खिशात चौदाशे डॉलरची शिष्यवृत्ती होती आणि जिभेवर बर्नार्डचे उच्चार. त्या नागर भाषेत त्या लोकांना विचारत की, तुम्हांला काही लोककथा ठाऊक आहेत का. लोक शांतपणे सांगत, आमच्याकडे तसले काही नाही, पलीकडच्या गावात असेल. हे त्यांनी स्वतःच पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले. त्याच वर्षी एका नियतकालिकात छापलेल्या त्यांच्या लेखाचा बराचसा भाग दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकातून उचललेला होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. ज्या गोष्टी लहानपणी न मागता मिळाल्या, त्या शिक्षण घेऊन मागायला गेल्यावर मिळेनाशा झाल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी रीत बदलली. पोल्क परगण्यातील लाकूडतोड्यांच्या वस्तीत त्या राहिल्या. अंगावरचा १२.७४ डॉलरचा पोशाख आणि मोटार पाहून लोक बिचकले, तेव्हा आपण दारूच्या चोरट्या धंद्यातून फरारी झालो आहोत असे सांगून त्यांनी विश्वास मिळवला. आधी गाणी म्हटली, थापा मारल्या आणि मग वही उघडली. या भटकंतीतून १९३५ साली 'म्यूल्स अँड मेन' हे पुस्तक आले. प्रस्तावना बोआस यांची होती. आपली संस्कृती अंगाला घट्ट बसलेल्या वस्त्रासारखी असल्याने ती दिसत नव्हती, दूर कॉलेजात जाऊन मानवशास्त्राची दुर्बीण मिळाल्यावरच ती दिसली, अशा आशयाची कबुली त्या पुस्तकाच्या आरंभी आहे.

इथे एक कटू गोष्ट नोंदवली पाहिजे. या दुसऱ्या भटकंतीचा खर्च एका श्रीमंत गौरवर्णीय आश्रयदातीने, शार्लट ऑसगुड मेसन यांनी, दरमहा दोनशे डॉलर देऊन उचलला. १९२७ च्या डिसेंबरात झालेल्या करारानुसार गोळा केलेल्या सामग्रीची मालकी मेसनबाईंची होती. कॅलिपर हाती आला, पण वही परक्याच्या नावावर राहिली. हर्स्टन यांना डॉक्टरेट पुरी करता आली नाही. १९६० साली त्या दारिद्र्यात वारल्या आणि १९७३ मध्ये ॲलिस वॉकर यांनी दगड बसवेपर्यंत त्यांच्या थडग्यावर नावही नव्हते.

हर्स्टनबाई १९२८ साली पदवीधर झाल्या, त्याच वर्षी इरावतीबाई बर्लिनला गेल्या. फर्ग्युसनमध्ये त्यांनी पदवीसाठी तत्त्वज्ञान घेतले होते आणि मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राची एम.ए. केली होती. बर्लिनमध्ये ऑयगन फिशर यांच्या संस्थेत त्यांना मानवी कवटीची असममिती तपासण्याचे काम मिळाले. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशविज्ञानाचे आधारस्तंभ झाले. सुमारे दीडशे कवट्या मोजून इरावतीबाईंनी निष्कर्ष लिहिला की, या असममितीचा वंशाशी संबंध नाही. न्यूयॉर्कमध्ये शिक्षक आणि विद्यार्थिनी एका दिशेने चालले होते. बर्लिनमध्ये विद्यार्थिनीला मोजपट्टी गुरूच्या मताविरुद्ध वाचावी लागली. पण दोघींनीही आकड्यांशी इमान राखले.

आम्ही मराठीचे अध्यापक. मानवशास्त्राच्या इतिहासात आम्ही का शिरावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या पदवीच्या वर्गात आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आमचे विद्यार्थी आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भलरी, उखाणे, गावदेवीच्या कथा वहीत उतरवून आणतात. त्यांतले कित्येक जण घरातले पहिले पदवीधर होणार असतात. जी आजी कालपर्यंत नातवाला मांडीवर घेऊन गात होती, तिला आज तोच नातू प्रमाण भाषेत विचारतो, 'तुम्हांला किती ओव्या येतात?' आजी म्हणते, 'मला कुठलं काय येतंय बाबा!' फ्लॉरिडातले तेच उत्तर. आपण त्या विद्यार्थ्याला वर्गीकरण शिकवतो, संकलनाची पद्धत शिकवतो. पण आधी जात्याशी बसून दोन मुठी दाणे घालावेत आणि मग वही उघडावी, हे अभ्यासक्रमात कुठे लिहिलेले नसते. आणि भरलेली ती वही गुण दिल्यावर कुणाची, आजीची, नातवाची की महाविद्यालयाच्या कपाटाची, हाही प्रश्न आपण विचारत नाही.

पदवीच्या पातळीवर या शास्त्राने शिकवावे असे आम्हांला वाटते ते एवढेच, की मोजणाऱ्याने आपले डोकेही मोजले गेले आहे याचे भान ठेवावे. ज्या विद्यार्थ्याला हे भान घरूनच मिळालेले असते, तो या विषयाचा सर्वांत श्रीमंत विद्यार्थी होय. त्याला परके करून न टाकता दुर्बीण कशी द्यावी, याचा विचार शिकवणाऱ्यांनी करायचा आहे.